ती पूर्वीसारखी कधी होईल?

पत्र थोडक्यात असं:

'माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. २९व्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. केमो, मग शस्त्रक्रिया (एक स्तन काढावा लागला), मग रेडिएशन, हे सगळं तिने निमूटपणे सोसलं. आता आजाराची खूण नाही असं डॉक्टर म्हणाले. रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी आणि महिन्याला एक इंजेक्शन, एवढंच राहिलं आहे. याला नऊ महिने झाले. आम्हाला वाटलं, सुटलो. पण उपचार चालू असताना आम्हालाच हसवणारी ती आता कुणाशी धड बोलत नाही. आई तिला साधी पिशवी उचलू देत नाही, त्यावरून खटके उडतात. बाबांना दर सहा महिन्यांनी तिचा सबंध शरीराचा स्कॅन करून घ्यायचा आहे, ती नको म्हणते. चुलत बहिणीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती उठून आतल्या खोलीत गेली. मागच्या आठवड्यात मी तिचा ड्रॉवर उघडला, तर आत गोळ्यांची स्ट्रिप होती. तिने मागे पेनाने वार लिहिलेत आणि कितीतरी वारांच्या गोळ्या तशाच आहेत. मी अजून कुणाला बोलले नाही. आईला सांगू? डॉक्टरांना परस्पर फोन करू? आणि ती पूर्वीसारखी कधी होईल? – एक ताई'

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या स्ट्रिपपाशी थांबले. मागे पेनाने वार लिहिलेत असं तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, पण मला तीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. जिला गोळी सोडूनच द्यायची असते, ती वार लिहीत बसत नाही. तुमच्या धाकटीला गोळी घ्यायची आहे, पण काही दिवशी तिच्याच्याने ती घेतली जात नाही. तुमचं तिच्याशी बोलणं याच समजुतीवर सुरू व्हायला हवं. गोळ्यांकडे मी येतेच. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अडलेलं आहे.

पूर्वीसारखी ती होणार नाही. हे वाचून तुमच्या पोटात कालवलं असेल. पण ती कायम अशी घुमी, चिडकी राहील असं मी म्हणत नाही. ती हसेल, कामाला लागेल, भांडेल, प्रेमात पडेल. मात्र आजाराआधीची जी मुलगी तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तिच्यापर्यंत परत जायची वाट तिला सापडत नाहीये. आणि घरातलं प्रत्येक माणूस, मायेनेच, तिला त्याच वाटेवर ढकलतं आहे. 'विसर आता', 'झालं गेलं', 'आता तू ठणठणीत आहेस'. या सगळ्यातून तिला ऐकू येतं ते एवढंच, की तुम्हाला ती आधीची हवी आहे. ती तर तिच्याकडेही उरलेली नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मला ३४व्या वर्षी हाच आजार झाला. त्याला बारा वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी याच आजारातून जाणाऱ्या तरुण मुलींसोबत बसते आहे. किरण रोज नेमके त्याच जागी पडावेत म्हणून माझ्या छातीवर मार्करने रेघा आखल्या होत्या. त्या पुसायच्या नव्हत्या. पाच आठवडे आंघोळ करताना मी त्या रेघा जपल्या. शेवटच्या दिवशी मशीनवरच्या बाई म्हणाल्या, 'उद्यापासून यायचं नाही हं. आता घरी जाऊन खुशाल धुऊन टाका.' घरी सगळे आनंदात होते. मी बाथरूमचं दार लावलं, नळ सोडला, साबण हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. रेघा होत्या तोवर रोज कुणीतरी जाणतं माणूस माझ्याकडे बघत होतं. उद्यापासून कुणी बघणार नव्हतं. बाहेरून आईने विचारलं, 'झालं का गं?' मी आतून 'हो' म्हटलं. रेघा मी धुतल्याच नाहीत, काही दिवसांनी त्या आपोआप फिकट झाल्या.

उपचार चालू असताना हसणारी मुलगी ते संपल्यावर का मिटली, हे कोडं तुम्हाला पडलं आहे. उपचारांच्या काळात हाताला काम असतं. तारखा, रक्ताचे रिपोर्ट, सलाइन, टाके काढणं. माणूस पुढच्या तारखेपुरता जगतो. भीतीला शिरायला जागा मिळते ती हे सगळं थांबल्यावर, आणि नेमकी तेव्हाच जिवाभावाची माणसं आपापल्या कामाला परतलेली असतात. फिट्झह्यू मुलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच ३२व्या वर्षी कर्करोग झाला. त्यांनी १९८५ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंसाठी लिहिलं की माणसाला 'आजारी' आणि 'बरा' अशा दोनच खणांत बसवणं चूक आहे. मध्ये एक लांबलचक काळ असतो. त्यात उपचार संपलेले असतात, पण भीती, थकवा आणि बदललेलं शरीर घेऊनच रोज उठायचं असतं. तुमची धाकटी त्या मधल्या काळात आहे, आणि नऊ महिने ही तर त्याची सुरुवात आहे.

आता गोळ्या.

'रोज एक गोळी आणि महिन्याला एक इंजेक्शन, एवढंच' असं तुम्ही लिहिलंत. हे 'एवढंच' तिनेही पुष्कळ वेळा ऐकलं असणार. ही औषधं काय करतात ते बघा. तिचा कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा असणार, म्हणूनच ही औषधं दिली आहेत. टॅमॉक्सिफेन त्या पेशींपर्यंत इस्ट्रोजेनचा निरोप पोचू देत नाही, आणि इंजेक्शन बीजांडकोशांचं काम थांबवतं. म्हणजे एरवी पन्नाशीच्या आसपास हळूहळू येणारी रजोनिवृत्ती तिच्यावर ३१व्या वर्षी एकदम कोसळली आहे. बसल्या बसल्या छातीपासून कपाळापर्यंत आग उसळते, घामाने कपडे भिजतात, रात्रीतून तीन-तीनदा जाग येते, सकाळी बोटं आणि गुडघे आखडलेले असतात. योनीमार्ग कोरडा पडतो, जवळीक नकोशी होते. हे ती सांगणार कुणाला? महिनोन्महिने सलग झोप न मिळालेलं कुठलंही माणूस चिडतंच. तुम्हाला जो बदललेला स्वभाव वाटतो, त्यातला काही भाग नुसती अपुरी झोप असू शकते.

तरीही ते औषध लाखमोलाचं आहे, हे मी तितक्याच ठामपणे सांगते. जगभरातल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या १५ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. एवढ्या लहानशा गोळीत एवढी ताकद आहे. आणि तरीही ती अर्धवट सोडणाऱ्यांमध्ये चाळिशीच्या आतल्या मुली जास्त असतात, हेही अभ्यासांतून वारंवार पुढे आलं आहे. तेव्हा धाकटी काही जगावेगळं करत नाहीये, पण हे असंच चालू राहूनही उपयोगाचं नाही.

आईला सांगू नका. डॉक्टरांना परस्पर फोन करू नका. गेल्या दोन वर्षांत तिच्या शरीराबद्दलची प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी चारचौघांत बोललेलं आहे. तिचं वजन, तिचे केस, तिचे टाके. एक ड्रॉवर तिचा होता. तुम्ही परस्पर फोन केलात तर तोही गेला असं तिला वाटेल, आणि पुढच्या वेळी तुम्हाला स्ट्रिप रिकामी दिसेल, गोळ्या मात्र कचऱ्यात गेलेल्या असतील.

तिच्याशीच बोला. समोर बसवून नको, त्याची उलटतपासणी होते. दोघी चालत असाल किंवा शेजारी बसून काही काम करत असाल तेव्हा बोला, म्हणजे एकमेकींच्या डोळ्यांत बघायची सक्ती उरत नाही. सुरुवात माफीने करा, कारण ड्रॉवर तुम्ही उघडला होता. मी असं काहीसं म्हणेन: 'तुझा ड्रॉवर मी विचारल्याशिवाय उघडला, माझं चुकलं. गोळ्या राहिलेल्या दिसल्या. मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुला रागवणारही नाही. त्या गोळीने तुला काय काय होतं, ते मी कधी विचारलंच नाही. सांगशील?' आणि मग गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे. ती चिडेल, 'तुला काय करायचंय' म्हणेल, कदाचित नुसती रडेल. 'आम्ही एवढं केलं आणि तू' हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळून टाका. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही तरी चालेल. दार उघडं आहे हे तिला कळलेलं असेल.

ती बोलायला लागली आणि त्रास औषधाचा आहे असं निघालं, तर बरंच काही करता येतं. तो निमूट सोसण्याचं बक्षीस कुठे मिळत नाही. आग उसळणं कमी करण्यासाठी हॉर्मोन नसलेली औषधं आहेत, वेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन वगैरे. बोधात्मक वर्तन उपचारांनीही, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनानेही, त्या झळांचा जाच कमी होतो. कोरडेपणासाठी हॉर्मोनविरहित मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट मिळतात. सांध्यांसाठी नियमित व्यायाम. अगदीच सहन होत नसेल तर डॉक्टर औषध बदलण्याचा विचारही करू शकतात. पण गोळ्या चुकतात हे त्यांना माहीतच नसेल तर यातलं काही होणार नाही. तिला दोन आठवडे रोज एक ओळ लिहून ठेवायला सांगा: किती वेळा आग झाली, किती वाजता जाग आली, काय दुखलं. तपासणीच्या खोलीत भलेभले 'ठीक आहे' म्हणून बाहेर येतात, तेव्हा कागद कामाला येतो. तुम्ही आत यायचं की बाहेर बसायचं, हे तिला ठरवू द्या. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नसतात, एवढं मात्र लगेच सांगा. आणखी एक, महत्त्वाचं: मन खचल्यावर दिली जाणारी काही औषधं, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरांकडे गेली तरी मी टॅमॉक्सिफेनवर आहे हे तिने आधी सांगायचं. बिनचिठ्ठीच्या कुठल्याही मुळी-पाल्याच्या औषधाआधीसुद्धा विचारायचं.

पण मला वाटतं, त्रास तेवढाच नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली, त्या संध्याकाळकडे परत जाऊ या.

केमोमुळे बीजांडकोशांना इजा होऊ शकते. म्हणून केमोच्या आधी स्त्रीबीजं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याचा पर्याय असतो, आणि त्याला साधारण दोन आठवडे पुरतात. तिला हे कुणी वेळेवर सांगितलं होतं का? तिने तसं काही केलं होतं का? तुमच्या पत्रावरून वाटतं की हे तुम्हाला माहीत नसावं. आजाराच्या गडबडीत 'आधी जीव वाचू दे' म्हणून हा विषय बाजूला सारला जातो आणि मग तो तिथेच पडून राहतो. आता हिशेब करा. ३१ वर्षं, आणि औषध पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त. औषध चालू असताना गर्भ राहता कामा नये, टॅमॉक्सिफेन बाळाला अपाय करू शकतं. (पाळी बंद असली तरी गर्भ राहणारच नाही अशी खात्री धरू नये, आणि गर्भनिरोधक हॉर्मोन नसलेलं हवं.) म्हणजे रोज गोळी तोंडात टाकताना ती एक वर्ष पुढे ढकलते आहे. अशा दिवशी गोळी राहून जाते, यात मला नवल वाटत नाही.

याबाबतीत तिला सांगण्यासारखी एक चांगली बातमी आहे. 'पॉझिटिव्ह' नावाच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ४२ वर्षं वा त्याहून कमी वयाच्या स्त्रियांनी १८ ते ३० महिने हॉर्मोन उपचार घेतल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बाळासाठी ते जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवले आणि मग पुन्हा सुरू करायचे होते. ज्या ४९७ जणींच्या गर्भधारणेचा मागोवा घेतला गेला, त्यांतल्या ३१७ जणींना बाळ झालं. तीन वर्षांपर्यंत आजार उलटण्याचं प्रमाण अभ्यासातल्या सगळ्या स्त्रियांमध्ये मिळून ८.९ टक्के होतं, आणि तुलनेसाठी घेतलेल्या, असा खंड न घेतलेल्या गटात ९.२ टक्के. ही तीन वर्षांची गोष्ट आहे, पुढच्या वर्षांचं निरीक्षण चालू राहणार आहे, आणि प्रत्येकीचा आजार सारखा नसतो, म्हणून धाकटीला हे लागू पडतं का हे तिच्याच डॉक्टरांनी सांगायचं. पण चोरून गोळ्या चुकवणं आणि ठरवून, तारखा आखून, देखरेखीखाली औषध थांबवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरा रस्ता असू शकतो हेच तिला कदाचित कुणी सांगितलेलं नसेल. तो आहे म्हटल्यावर आजची गोळी गिळणं थोडं सोपं होतं, हे मी एकीहून जास्त मुलींमध्ये पाहिलं आहे. फक्त ही माहिती तिच्यावर आदळू नका. 'तुला मूल हवंय का?' असं थेट विचारूही नका. तिनेच विषय काढला तर 'मी याबद्दल वाचलंय, डॉक्टरांना विचारू या का?' एवढं पुरे. मूल नकोच असंही ती म्हणू शकते. मग तेच तिचं उत्तर.

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. सगळं शरीर स्कॅन करून घ्यावंसं वाटणं अगदी बापाचं आहे. पण इटलीत याच प्रश्नावर दोन मोठे अभ्यास झाले आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही त्रास नसताना ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे वगैरे करत राहिलेल्या स्त्रिया आणि नेहमीच्या तपासणीवर राहिलेल्या स्त्रिया, यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. म्हणून आजही लक्षणं नसतील तर डॉक्टरांकडून नियमित तपासणी आणि उरलेल्या स्तनाची वर्षातून एकदा मॅमोग्राफी, यावरच भर असतो. शिवाय प्रत्येक स्कॅनच्या आधीचा आठवडा जीव टांगणीला लागतो. संशयास्पद दिसलेला पण शेवटी निरुपद्रवी निघालेला एखादा ठिपका महिनाभर झोप उडवतो. ती 'नको' म्हणते त्यात शहाणपण आहे.

आणि आईची पिशवी. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हात सुजण्याची शक्यता असते, ही आईची भीती खोटी नाही. पूर्वी डॉक्टरसुद्धा त्या हाताने वजन उचलू नका असंच सांगायचे. पण २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्या जणींनी देखरेखीखाली, दाब देणारी बाही घालून, हलक्या वजनापासून सुरुवात करून आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात ताकद आली. तेव्हा फिजिओथेरपिस्टला विचारून तिला हळूहळू उचलू द्या. हात जड वाटला, अंगठी किंवा बाही घट्ट होऊ लागली, लाली आली तर मात्र लगेच दाखवायचं. मला वाटतं, त्या पिशवीवरून होणारं भांडण पिशवीचं नाहीच. तिला पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडायचं आहे.

रात्रीच्या भीतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ती असते. पाठ दुखली की हाडात गेलं का, डोकं दुखलं की मेंदूत गेलं का. 'काही होत नाही गं' म्हणून ती भीती जात नाही, कारण एकदा झालेलं आहे. मला माझ्या डॉक्टरांनी दिलेला दोन आठवड्यांचा नियम फार उपयोगी पडला: नवं दुखणं दोन आठवड्यांत हटलं नाही किंवा वाढत गेलं, तर दाखवायचं. गाठ, छातीच्या त्वचेतला बदल, दम लागणं अशा गोष्टींसाठी तेवढंही थांबायचं नाही. नियम असला की रात्री दोन वाजता निर्णय घ्यावा लागत नाही. तिने तुम्हाला कधी भीती बोलून दाखवली तर 'मलाही भीती वाटते' असं म्हणायची तुम्हाला मुभा आहे. खोट्या धीराने ती एकटी पडते.

शरीराबद्दल थोडंसंच लिहिते, कारण ते तिचं आहे. स्तनाची पुनर्रचना करायची, कृत्रिम स्तन वापरायचा की सपाट छातीने राहायचं, यातलं काहीही चालतं आणि कुठल्याच निर्णयाची घाई नसते. उद्या कुणी तिच्या आयुष्यात आलं तर त्याला कधी आणि किती सांगायचं हेही तीच ठरवेल. 'आता कोण करणार हिच्याशी' असा सूर घरात कुणी दबक्या आवाजात लावत असेल तर तो तुम्ही थांबवा. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं.

एका ठिकाणी मात्र गप्प राहायचं नाही. दोन-दोन आठवडे ती अंथरुणातून उठेनाशी झाली, कशातच मन लागेना, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागली, तर त्याच दिवशी तिच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथे गुपित पाळण्याचं वचन लागू होत नाही, आणि हे तिलाही आधीच सांगून ठेवा.

तिला तिच्या वयाच्या मुली भेटायला हव्यात, ज्या याच वाटेवर आहेत. रुग्णालयाच्या बाकांवर तिच्या शेजारी बहुतेक आईच्या वयाच्या बायका बसलेल्या असतात. त्या प्रेमळ असतात, पण नोकरी नुकती लागलेली असताना, लग्न व्हायचं असताना, मूल व्हायचं असताना हा आजार होणं म्हणजे काय, हे त्यांच्याशी बोलता येत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये हा आजार झालेल्या तीन तरुण स्त्रियांनी नेमक्या याच कारणासाठी 'यंग सर्व्हायव्हल कोअलिशन' उभी केली. असा गट जवळ आहे का, फोनवर किंवा व्हिडिओवर भेटतो का, हे तिच्या उपचार केंद्रातल्या समुपदेशकांना विचारा. नाव आणि नंबर तिच्या हातात द्या आणि विसरून जा. 'गेलीस का?' असं विचारू नका.

आमच्या गटात अशाही मुली येतात ज्यांचा आजार हाडांत, यकृतात पसरलेला आहे आणि ज्यांचे उपचार संपणारच नाहीत. त्यांतली कितीतरी जणी वर्षानुवर्षं औषधांवर राहून नोकरी करतात, मुलं वाढवतात. त्यांतली एक ३३ वर्षांची मुलगी एकदा म्हणाली, 'सगळे मला विचारतात, किती राहिलं? त्यांना केमो म्हणायचं असतं.' हे पत्र अशा एखादीच्या घरी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: कधी संपणार हे विचारू नका, हा आठवडा कसा गेला ते विचारा.

शेवटी तुमच्याबद्दल, ताई. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही कुठेच नाही आहात. तुम्ही तिची सख्खी बहीण आहात. तिला २९व्या वर्षी हा आजार झाला, तेव्हा तिला जनुकीय समुपदेशन सुचवलं गेलं असणार. ज्यांच्यात दोष असला तर या आजाराचा धोका बराच वाढतो, अशांपैकी बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ हे १९९५ मध्ये सापडलं. अशा जनुकात दोष आई किंवा वडील कुणाकडूनही येऊ शकतो, आणि तिच्यात तो निघाला असेल तर तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी असते. निघाला नसेल तरी सख्ख्या बहिणीला इतक्या लवकर आजार झाल्यामुळे तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्तच धरतात. हे तुमच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही. आलं असेल आणि 'आत्ता माझं काय घेऊन बसायचं' म्हणून तुम्ही गिळलं असेल. तपासणीची वेळ घ्या आणि तुमच्या तपासण्या कधीपासून, कोणत्या, ते विचारून या.

आणि जायच्या आदल्या दिवशी धाकटीला विचारा, 'मला भीती वाटतेय, येशील सोबत?' तिला त्या जागेत पाय टाकायचा नसेल आणि ती नाही म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका, एकट्या जा. पण ती आली, तर कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुठला कागद वर ठेवायचा, आत गेल्यावर काय विचारायचं राहून जातं, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. फाइल तिच्याच हातात असू द्या. पिशवीसुद्धा.